रक्तातला कस

शेळीच्या रक्ताच्या नळ्या हाताळण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. पशुवैद्यकाची पदवी घेतल्यावर बरोबरीचे बरेचजण गायी-म्हशींच्या कामाकडे वळले. मी रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत राहिले आणि सातारा, सोलापूर, धाराशिव या कोरडवाहू पट्ट्यातून येणारे नमुने तपासता तपासता शेळीचीच होऊन गेले. या भागात शेळी बहुतेक घरांत बाईमाणसाच्या हाताखाली असते. मुलांची फी, दवाखाना, सण अशा गरजेला बोकड विकला जातो. त्यामुळे नळीवर नुसता क्रमांक असला, तरी त्यामागे एक घर आहे हे कायम मनात असायचं.

संकराचं वारं तेव्हा जोरात होतं. मूळ दक्षिण आफ्रिकेतली बोअर जात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात आपल्याकडे आणली. पांढरं अंग, तांबडं डोकं, रुंद छाती. पूर्ण वाढलेला बोकड शंभर किलोच्या पुढे जाणारा. आपली काळी उस्मानाबादी तीस-पस्तीस किलोची, पण काटक, वर्षानुवर्षं दुष्काळात टिकलेली आणि जुळी देणारी. दोन्हींचा मेळ घातला की करडं भराभर वाढतात, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. मग जो तो एकच विचारू लागला, “बोकड किती टक्के बोअर?” पन्नास, पंचाहत्तर, सत्त्याऐंशी अशा आकड्यांवर किमती ठरू लागल्या. माझ्या टेबलावर येणारे आकडे मात्र वेगळंच काही सांगत होते, आणि ते समजून घेण्यात माझी पुढची वर्षं गेली.

शेळीचं रक्त आधी शेळीचं म्हणूनच शिकावं लागतं. तिची तांबडी पेशी पाळीव जनावरांत सर्वांत लहान. माणसाची पेशी सात-आठ मायक्रॉनची, शेळीची तीन-चार मायक्रॉनची. आकारातली ही कसर संख्येनं भरून निघते. माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात पन्नास लाखांच्या आसपास तांबड्या पेशी असतात. निरोगी शेळीत त्या ८० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत आढळतात. हिमोग्लोबिन ८ ते १२ ग्रॅम. रक्त नळीत फिरवल्यावर तळाशी बसणाऱ्या पेशींचा टक्का, ज्याला आम्ही पीसीव्ही म्हणतो, तो २२ ते ३८. पांढऱ्या पेशी ४ ते १३ हजार, आणि त्यात निम्म्याहून जास्त लिम्फोसाइट. माणसात हे प्रमाण उलटं असतं.

हे माहीत नसलं तर काय होतं, ते एका शेळीपालकाच्या घरी पाहिलं. त्यांनी महागाची संकरित शेळी थोडी मंदावली म्हणून तिचं रक्त तालुक्याच्या गावी माणसांच्या लॅबमध्ये तपासून घेतलं होतं. अहवालात प्लेटलेट अफाट, तांबड्या पेशी कमी आणि हिमोग्लोबिन ९, त्याखाली लाल रेघ. घरात रडारड सुरू झाली होती. माणसासाठी बसवलेलं यंत्र शेळीच्या बारक्या तांबड्या पेशी प्लेटलेट समजून मोजतं, एवढंच घडलं होतं. हिमोग्लोबिन ९ ही शेळीसाठी चांगली गोष्ट. हाताने मोजणी करून दाखवल्यावर त्या माणसाच्या चेहऱ्यावर रंग आला. त्या शेळीला खुराक बदलल्यामुळे अपचन झालं होतं.

नमुना घेण्याची रीतही निकाल बदलून टाकते. शेळीची प्लीहा म्हणजे तांबड्या पेशींची राखीव कोठी. घाबरली, पळाली की प्लीहा आकसते आणि पेशी रक्तात उतरतात. गोठाभर पळवून, शिंगाला धरून, ओढत आणलेल्या शेळीचा पीसीव्ही खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. अशक्त शेळी कागदावर धडधाकट ठरते. म्हणून मी गावात गेले की आधी बसते, चहा घेते, शेळ्या शांत होऊ देते. ज्या बाईच्या हातची सवय असेल तिलाच धरायला सांगते. मग मानेची शीर दाबून, जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त. यंत्रात फिरवतानाही घाई चालत नाही. पेशी बारीक असल्याने नीट तळाला बसायला त्यांना जास्त वेळ लागतो. सबुरी हा या कामाचा पहिला धडा आणि तो प्रयोगशाळेपेक्षा गोठ्यात जास्त उपयोगी पडला.

माझा विचार ज्यामुळे बदलला, तो माणदेशातला एक पावसाळा. एका होतकरू तरुणाने पंचाहत्तर टक्के बोअरचा सुंदर कळप उभा केला होता. उन्हाळ्यात पाहुणे तो बघायला यायचे. श्रावण सरला, भाद्रपद लागला आणि शेळ्या मलूल झाल्या. काहींच्या जबड्याखाली पाण्याची सूज उतरली. खालची पापणी ओढून पाहिली तर आतला रंग गुलाबी जाऊन पांढुरका झालेला. पीसीव्ही पंधराच्या आसपास, काहींचा त्याहून खाली. त्याच ओढ्याकाठी शेजारच्या म्हातारीच्या उस्मानाबादी शेळ्या चरत होत्या. त्यांच्या लेंड्या तपासल्या. जंतांची अंडी त्यांच्यातही भरपूर होती. पण त्यांचा पीसीव्ही बावीस-चोविसावर टिकून होता आणि पापण्या लालसर होत्या.

हा सगळा हिमोंकस नावाच्या जंताचा खेळ. तो चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात, चिकटून राहतो आणि एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. हजार जंत असले तर दिवसाला ५० मिलिलिटर. पस्तीस किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून रक्त अडीच लिटरच्या आसपास. एक मादी रोज हजारोंनी अंडी टाकते, आणि उबदार, ओल्या हवेत आठवड्याभरात त्यांतून संसर्ग करणाऱ्या अळ्या तयार होऊन गवताच्या पात्यांवर चढतात. म्हणून भाद्रपदात हे दुखणं टोकाला जातं.

या गोष्टीने मला दोन वेगळ्या ताकदी ओळखायला शिकवलं. एक, जंत अंगात वाढूच न देण्याची. दुसरी, जंत असूनही स्वतःचं रक्त राखण्याची. म्हातारीच्या शेळ्यांकडे दुसरी ताकद भरपूर होती. जंतासोबत राहत राहत, ज्या टिकल्या त्यांचीच पिल्लं पुढे वाढत गेली, तेव्हा कुठे ती त्यांच्या अंगी उतरली होती. बोअर वाढली ती दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या माळांवर, आणि तिची निवड झाली ती मांसासाठी. अमेरिकेत टेनेसी राज्य विद्यापीठात बोअर, कीको आणि स्पॅनिश शेळ्या दमट हवेत एकत्र ठेवून पाहिल्या, तेव्हा टिकाव आणि जंत या दोन्ही बाबतींत बोअर मागे पडली. ते वाचलं तेव्हा माणदेशातला तो कळप डोळ्यांपुढे उभा राहिला.

मग टक्क्यांचं गणितही उलगडलं. दोन वेगळ्या जातींच्या पहिल्या संकरात जो जोम येतो, तो त्याच पिढीत सर्वांत जास्त असतो. पन्नास टक्क्यांच्या पाटीला पुन्हा शुद्ध बोअर बोकड दाखवला की पंचाहत्तर टक्क्यांची करडं येतात, आणि संकराचा तो जोम निम्म्यावर येतो. अंगाचा आकार वाढत जातो, पण स्थानिक शेळीकडून आलेली चिवट बाजू दर पिढीला पातळ होते. बाजारात जो आकडा चढत्या किमतीचा, तोच ओल्या हंगामात धोक्याचा ठरू शकतो. मी संकराच्या विरोधात नाही. मी त्याच्या बाजूने आहे, म्हणूनच हे सांगण्याची निकड वाटते. कोरड्या भागात, बंदिस्त गोठ्यात, चांगल्या खुराकावर जास्त टक्के झेपतील. ओढ्याकाठी चरणाऱ्या कळपाला पन्नासच्या पुढे नेताना दहादा विचार करावा.

त्या तरुणाने कळप विकला नाही. आम्ही फामाचा तक्ता वापरायला सुरुवात केली. फाफा मलान या दक्षिण आफ्रिकेच्या पशुवैद्याच्या नावावरून ओळखली जाणारी ही पद्धत. पापणीच्या आतल्या रंगाचे पाच टप्पे: पहिला लालभडक, म्हणजे पीसीव्ही २८ किंवा वर, पाचवा कागदासारखा पांढरा, म्हणजे १२ किंवा खाली. सगळ्या कळपाला सरसकट औषध न पाजता ज्यांचा रंग उतरला त्यांनाच पाजायचं. सरसकट पाजलं की औषधाला न जुमानणारे जंतच मागे उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. निवडून पाजलं की औषध न लागलेल्या जंतांचा साठा कळपात राहतो आणि औषधाची धार टिकते. सुरुवातीला त्याला हे पटेना. “मॅडम, औषध काय महाग आहे? सगळ्यांना देऊन टाकू,” असं तो म्हणायचा. लेंडीतली अंडी औषधाआधी आणि नंतर मोजून दाखवली, तेव्हा वर्षानुवर्षं पाजलेलं औषध जवळजवळ निकामी झाल्याचं त्याने स्वतः पाहिलं.

या तक्त्याचा खरा फायदा पुढे कळला. कोणत्या शेळीला हंगामात पुन्हा पुन्हा औषध लागलं आणि कोणत्या शेळीला एकदाही लागलं नाही, याची नोंद आपोआप तयार झाली. कळपातल्या थोड्याच शेळ्या बहुतेक जंत बाळगतात आणि कुरणावर अंडी सांडतात. त्या ओळखून काढल्या की उरलेल्यांचं ओझंही हलकं होतं. संकरित कळपातही एकाच बोकडाच्या दोन लेकींमध्ये केवढा फरक असतो, हे त्या वहीनेच दाखवलं.

जंतांइतकीच मोठी बाब चिकाची. शेळीच्या गर्भाला वारेतून आईच्या प्रतिपिंडांचा पुरवठा होत नाही. करडू जन्मतं ते कोऱ्या पाटीने. आईने आयुष्यभर कमावलेली प्रतिकारशक्ती त्याला फक्त चिकातून मिळते. प्रतिपिंडं शोषून घेणारी आतड्याची दारंही चोवीस तासांत मिटतात, आणि पहिल्या सहा तासांत जे मिळेल तेच खरं. आपल्याकडे बऱ्याच गावांत वार पडेपर्यंत चीक पाजत नाहीत. वार पडायला तास लागोत की रात्र सरो, करडू उपाशी.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका वस्तीवर संकरित करडं पहिल्या महिन्यातच हगवणीने आणि छातीच्या दुखण्याने दगावत होती. लोक म्हणायचे, “संकरित करडं नाजूक, जगत नाहीत.” मी दोन-तीन दिवसांच्या करडांचं रक्त घेतलं. रक्तजलातली एकूण प्रथिनं बऱ्याच करडांत पाच ग्रॅमच्याही खाली होती. मग झिंक सल्फेटची साधी चाचणी तिथेच अंगणात करून दाखवली. रक्तजलाचा थेंब या द्रावणात टाकला की प्रतिपिंडं भरपूर असतील तर पाणी गढूळ होतं, नसतील तर नितळ राहतं. एका बाईने आपलं करडू जन्मताच पाजलं होतं, तिची नळी ढगाळ झाली. इतरांच्या नळ्या नितळ. घोळक्यातली एक आजी बराच वेळ नळ्यांकडे पाहत राहिली आणि सुनेला म्हणाली, “आता वार पडायची वाट बघू नगंस.” माझ्या सगळ्या भाषणांनी जे झालं नसतं, ते त्या दोन नळ्यांनी केलं.

संकरात चिकाची गरज वाढते, हेही त्या वस्तीवर कळलं. आई उस्मानाबादी, करडं बोअरची, त्यात जुळी. करडं जन्मतःच वजनदार, म्हणून त्यांना चीक जास्त लागतो. आईचा सड मात्र तेवढाच. पहिल्या दिवसात करडाच्या वजनाच्या दहा टक्के चीक पोटात जायला हवा, म्हणजे तीन किलोच्या करडाला ३०० मिलिलिटर. कमी पडला तर त्याच सुमारास व्यालेल्या शेजारच्या शेळीचा द्यावा. आम्ही गाभण शेळ्यांचा खुराक शेवटच्या दीड महिन्यात वाढवला, कारण चीक तयार होतो तो तेव्हाच. वस्तीवरची मर कमी झाली आणि “नाजूक जात” हा शब्दही मागे पडला. नाजूक जात नव्हती, सुरुवात उपाशी होती.

प्रतिकारशक्ती ताणाखाली कशी ढासळते, ते ट्रकमधून आलेल्या शेळ्यांनी दाखवलं. राजस्थानातून सिरोही किंवा संकरित शेळ्या दोन-दोन दिवसांचा प्रवास करून येतात. उतरल्याबरोबर त्यांच्या रक्ताची काच पाहिली की लिम्फोसाइट घटलेले आणि न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वर चढलेल्या, नेहमीचं प्रमाण पालटलेलं. ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, हे घडवतं. अशा अवस्थेत लस टोचली तर अंग तिला नीट दाद देत नाही. तरीही लोक हौसेने त्याच संध्याकाळी लस टोचून त्यांना जुन्या कळपात सोडतात.

एका गावात नेमकं तसंच झालं आणि पाठोपाठ पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग आला. ताप, नाकाडोळ्यांतून चिकट पाणी, तोंडात व्रण, हगवण, मग धाप. हा विषाणू पांढऱ्या पेशींवरच घाला घालतो. मोजणीत त्या इतक्या घसरल्या होत्या की साध्या जिवाणूंनाही रान मोकळं झालं. आपल्या देशात हा रोग १९८७ मध्ये तमिळनाडूत प्रथम नोंदला गेला. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने सुंगरी ९६ या विषाणूपासून जी लस तयार केली, तिची एक मात्रा किमान तीन वर्षं पुरते. गायी-म्हशींची बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपली आणि २०३० पर्यंत पीपीआरही संपवण्याचं जागतिक उद्दिष्ट आहे. इतकी चांगली लस हाताशी असताना जनावर दगावणं मला फार लागतं. नवीन शेळ्या तीन आठवडे वेगळ्या ठेवा, आठ-दहा दिवस विसावू द्या, मग लस द्या, एवढंच पाळायचं असतं. करडांना साधारण तीन महिन्यांनंतर, कारण त्याआधी आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडंच लसीला अडवतात.

आणखी एक कळप माझ्या कायम लक्षात राहील. दोन जावांनी वाटणीत एकाच बोकडाच्या संकरित शेळ्या निम्म्या-निम्म्या घेतल्या. रक्त तेच, रान तेच. थोरलीने त्या कोवळ्या गवतावर आणि कडब्यावर ठेवल्या. धाकटी ऊन चढून दव उडाल्यावरच शेळ्या सोडायची, आधी बोर-बाभळीच्या पाल्यावर न्यायची आणि संध्याकाळी शेवरी, सुबाभळीचा पाला आणि ओंजळभर शेंगदाण्याची पेंड द्यायची. तिसऱ्या महिन्यात धाकटीच्या शेळ्यांचा पीसीव्ही स्पष्ट वर होता. प्रथिनं मिळाली की अंग गेलेलं रक्त भरून काढतं आणि जंतांविरुद्ध लढण्याला बळही मिळतं. शेळी मुळात पाला ओरबाडणारी. तोंड जमिनीपासून वर ठेवून जगल्यामुळे जंतांशी तिची गाठ मेंढीपेक्षा कमी पडत आली, आणि म्हणूनच त्यांच्याविरुद्धची तिची प्रतिकारशक्ती मेंढीइतकी पक्की झाली नाही. तिला झुडपांकडे परत नेणं हे अर्धं औषध आहे. थोरलीनेही पुढच्या हंगामात तेच केलं, आणि दोघी मिळून शेवरी लावू लागल्या.

एवढ्या वर्षांनी रक्ताच्या अहवालाकडे मी कशी पाहते, ते सांगते. एकटा आकडा मी कधीच घेत नाही. गाभण आहे का, नुकती व्याली आहे का, करडू किती दिवसांचं, हंगाम कोणता, धरताना पळाली का, हे विचारल्याशिवाय बोलत नाही. विण्याच्या आगेमागे शेळीची जंतांविरुद्धची ताकद ढिली पडते आणि लेंडीत अंडी वाढतात. तेव्हाचा आकडा इतर वेळी लावता येत नाही. शेळीची तुलना आधी तिच्याशीच करावी, मग कळपाशी, आणि शेवटी पुस्तकातल्या मर्यादांशी.

आणि संकराबद्दल माझं म्हणणं पक्कं झालं आहे. न्यूझीलंडमध्ये रानटी झालेल्या शेळ्यांना सानेन, न्यूबियन, टोगेनबर्ग अशा दुभत्या जातींचे बोकड दाखवून कीको जात घडवली गेली. फारसं औषध न देता, फारसे लाड न करता जी वाढली आणि टिकली, तीच पुढे ठेवली. संकर तिथेही झाला, पण त्याच्या पाठीवर कठोर निवड होती. आपण वजन आणलं आणि निवडीचं काम तसंच ठेवलं. वजन एका पिढीत येतं. रक्त राखण्याची ताकद मात्र आनुवंशिक असूनही सावकाश हाती लागते. तिच्यासाठी पावसाळ्यामागून पावसाळे वही लिहावी लागते.

आज मी ज्या गटांबरोबर काम करते, तिथल्या बायकांनी ही वही हातात घेतली आहे. शेळीचा क्रमांक, बोकड कोणता, करडाला पहिला चीक किती वेळात मिळाला, भाद्रपदात पापणीचा रंग, औषध लागलं का, लस कधी दिली, एवढेच रकाने. पैदाशीचा बोकड ठरवताना त्या आता त्याच्या आईची आणि लेकींची पानं उलटतात. ज्याच्या लेकींना सलग दोन पावसाळे जंताचं औषध लागलं नाही, तो बोकड दहा किलोने हलका असला तरी कळपात राहतो. प्रयोगशाळेचं काम आहे त्यांच्या नोंदीला आकड्यांचा आधार देण्याचं. प्रत्येक तालुक्यात अशा तपासणीची सोय झाली आणि अशा वह्या भरत गेल्या, तर येत्या काही वर्षांत आपल्या मातीची, आपल्या पावसाची संकरित शेळी उभी राहील, अशी माझी खात्री आहे. त्यासाठी लागणारं सगळं आपल्याकडे आहे: काटक उस्मानाबादी, वाढीची बोअर, चांगली लस आणि रोज शेळीच्या डोळ्यांत पाहणारी बाई.